हाडंच जड आहेत हो माझी!

वजनकाट्यावर उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला आकडा दिसला, की पहिला आळ येतो तो काट्यावर. काटा बरोबर आहे हे औषधाच्या दुकानातल्या पोऱ्यानं शपथेवर सांगितलं, की दुसरा आळ येतो हाडांवर. "आमच्या घराण्यात हाडंच जड आहेत हो!" हे ऐकून सहानुभूतीनं मान डोलावणारा गृहस्थ सहसा रांगेत पुढच्या नंबरावर असतो. लग्न जमवतानाही हाडच मदतीला येतं. "मुलगा हाडापेरानं मजबूत आहे" असं कुणी म्हणालं, की फोटो समोरून काढलाय, बाजूनं काढलेला नाही, एवढं समजून घ्यावं.

हिशेब सोपा आहे. मगज, रक्त, पाणी असं सगळं धरून माणसाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या साधारण 15 टक्के भरतो. म्हणजे 80 किलोच्या गृहस्थाच्या अंगात हाडं निघाली 12 किलो. घराणं कितीही थोराड धरा, दोन-तीन किलो इकडे तिकडे. स्नायू, आतडी, रक्त यांचा रास्त वाटा बाजूला काढल्यावरही जे शिल्लक राहतं, त्याला बटाटेवडे, साबुदाण्याची खिचडी आणि श्रीखंड जबाबदार असतं. पण या मंडळींना चौकशीला कुणी बोलावत नाही. हाड बोलत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपतं.

हाडांबद्दलचं आपलं मत बनतं शाळेत. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात एक सांगाडा टांगलेला असतो. त्याची करंगळी गायब, खांद्यावर धूळ आणि दातांमध्ये दहावी 'ब'मधल्या कुणीतरी खोचलेला खडू. पांढरा, कोरडा, निमूट. त्यावरून आपण ठरवून टाकतो, की हाड म्हणजे अंगातली मेलेली वस्तू. जिवंत हाड दिसायला गुलाबीसर असतं, ओलं असतं, आणि मोडलं तर भळाभळा रक्त वाहतं. मांडीचं हाड मोडल्यावर आतल्या आत एक-दीड लिटर रक्त जाऊ शकतं. तांबड्या रक्तपेशीही हाडातल्या मगजातच तयार होतात, रोज सुमारे 20 हजार कोटी. ज्याला आपण मेलेलं समजतो, त्याच्याच कारखान्यावर बाकीचं शरीर जगत असतं, आणि वर त्याच्याकडूनच काट्यावरची जबानी मागत असतं.

मला विचाराल तर हाड म्हणजे पुनर्विकासाला निघालेली सहकारी गृहनिर्माण सोसायटी. फरक एवढाच, की इथे रहिवाशांना भाड्याच्या घरात पाठवत नाहीत. माणसं राहती ठेवून एकेक खोली पाडतात आणि पुन्हा बांधतात, जन्मभर.

पाडकाम करणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. या मूळच्या रक्तातल्या घराण्यातल्या. अनेक पेशी एकत्र येऊन एक धिप्पाड पेशी होते, ती हाडाला चिकटून बसते, कडा घट्ट बंद करते आणि आत आम्ल सोडते. तेच हायड्रोक्लोरिक आम्ल, जे आपल्या पोटात असतं. खनिज विरघळतं, खड्डा पडतो, पेशी पुढच्या साइटवर जाते. एका जागचं पाडकाम जेमतेम तीन आठवड्यांचं. मग बांधणाऱ्या पेशी येतात, त्या ऑस्टिओब्लास्ट. आधी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं जाळं अंथरतात, ती झाली सळई. मग त्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेटचे कण बसत जातात, ते झालं काँक्रीट. याला तीन-चार महिने लागतात. पाडायला तीन आठवडे आणि बांधून ताबा द्यायला चार महिने! पुण्या-मुंबईच्या काही वाचकांना हे वाचून भरून येईल, याची मला कल्पना आहे. त्यांच्याकडेही पाडायला तीनच आठवडे लागले होते. पुढचं बोलता येत नाही, प्रकरण कोर्टात आहे.

मालाचा दर्जा म्हणाल तर नेहमीच्या इमारतीतलं एम-25 काँक्रीट 25 मेगापास्कल दाब सोसतं, आणि मांडीच्या हाडाचं बाहेरचं घट्ट कवच सुमारे 170. नुसतं खनिज असतं तर हाड खडूसारखं मोडलं असतं. नुसतं कोलॅजेन असतं तर ते वाकलं असतं. कोंबडीची तंगडी काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, खनिज निघून जातं आणि हाड बोटानं वाकवता येतं. प्रयोग करण्यापूर्वी बरणी कुणाची आहे ते घरात विचारून घ्यावं.

बांधणाऱ्यांपैकी काही पेशी मात्र स्वतःच्याच बांधकामात चिणल्या जातात. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. हे कायमचे सभासद. बिनदाराची एवढीशी खोली, पण बारीक बोळांतून शेजाऱ्यापाजाऱ्यांशी अखंड बोलणं चालू. कुठे भार वाढला, कुठे तडा गेला, कुठे कुणी वापरतच नाही, याची नोंद तेच ठेवतात, आणि त्यांच्या तक्रारीवरून पाडकाम-बांधकाम निघतं. फॉस्फेट किती बाहेर टाकायचं, हा निरोपसुद्धा तेच मूत्रपिंडाला धाडतात. तक्रारखोर सभासदाला इतका मान पृथ्वीवरच्या कुठल्याही सर्वसाधारण सभेत मिळालेला नाही.

या पद्धतीनं दर वर्षी सांगाड्याचा साधारण 10 टक्के भाग नवा होतो. म्हणजे चौथीत असताना झाडावरून पडून मोडलेला हात दरम्यान पुष्कळ बदलला. पण पावसाचा ढग दिसला की "माझा हा हात सांगतो हो पाऊस येणार" हे वाक्य तसंच राहिलं. चाळिशीनंतर मात्र ठेकेदार हात आखडता घेतो. शंभर विटा काढतो आणि अठ्ठ्याण्णव लावतो. बायकांमध्ये पाडणाऱ्यांवर इस्ट्रोजेनचा धाक असतो. पाळी थांबली की तो धाक सुटतो, आणि पुढची काही वर्षं पाडकामाला ऊत येतो.

कुठे बांधायचं आणि कुठे पाडायचं, याचा नियम ठरलेला आहे आणि तो फार निष्ठुर आहे. 1866 सालची झुरिकमधली गोष्ट. हेरमान फॉन मायर नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवत होते. खुब्याच्या टोकाशी हाड भरीव नसतं, आत बारीक पट्ट्यांची जाळी असते, आणि त्या पट्ट्या ठरावीक कमानींत वळलेल्या दिसतात. कार्ल कुलमान नावाचे इंजिनिअर तिथे होते. वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये ताण आणि दाब कुठून कुठे जातात, याच्या रेघा ते कागदावर काढत असत. त्यांना हाडात आपलीच आकृती दिसली. आयफेल टॉवरचा पहिला आराखडा काढणारा मोरीस केश्लँ हा याच कुलमानचा विद्यार्थी. त्यावरून टॉवर मांडीच्या हाडावरून घेतला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते जरा ताणल्यासारखं वाटतं. 1892 साली युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं नियम मांडला, की हाड ज्या भाराखाली राहतं त्याप्रमाणे स्वतःला घडवतं. भार द्याल तिथे ते जाड होतं, काढून घ्याल तिथे विरतं. टेनिसपटूंचा खेळता हात दुसऱ्यापेक्षा हाडानं जाड भरतो तो यामुळेच.

म्हणजे हाड लाडानं बिघडतं. अंतराळात वजन नसतं, हाडाला कुणी त्रास देत नाही, तर तिथे खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटते. पृथ्वीवरच्या आजी-आजोबांना एवढी झीज व्हायला वर्ष लागतं. सुनीता विल्यम्स 2024-25 मध्ये नऊ महिन्यांहून अधिक काळ अंतराळ स्थानकात होत्या. तिथल्या लोकांना रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो, तोही पट्ट्यांनी स्वतःला यंत्राला बांधून. आमच्याकडची मंडळी गुरुत्वाकर्षण फुकट मिळत असूनही ते वापरत नाहीत. "मी रोज बागेत जातो" म्हणणाऱ्यांपैकी निम्मे गेटपासून बाकापर्यंत चालतात आणि बाकावर दीड तास देश चालवतात. हाडांच्या दृष्टीनं हा अंतराळप्रवासच.

मग एखाद्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये हाडांच्या तपासणीचं मोफत शिबिर लागतं. मोफत म्हटल्यावर ज्यांची हाडं ठणठणीत आहेत तेही येतात. चप्पल काढायची, टाच यंत्रात ठेवायची, आणि कागद घ्यायचा. कागदावर टी-स्कोअर असतो. यात तुमची तुलना तिशीतल्या निरोगी तरुण माणसाशी केलेली असते. उणे 1 पर्यंत ठीक, उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की हाडं ठिसूळ. हे मोजमाप जागतिक आरोग्य संघटनेनं 1994 मध्ये ठरवलं, आणि ते ठरलंय खुबा-कण्याच्या मोठ्या यंत्रासाठी. टाचेच्या यंत्राचा निकाल ही नुसती धोक्याची घंटा समजायची. पण मराठी माणसाच्या हातात गुणपत्रिका पडली आहे! "तुम्हाला किती?" "उणे एक पॉइंट आठ." "मला उणे दोन पॉइंट तीन," हे दुसऱ्या मजल्यावरचे काका किंचित अभिमानानं सांगतात, कारण आकडा मोठा आहे. उणे हे चिन्ह दहावीनंतर त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आलेलं असतं. हॉलच्या दाराशी योगायोगानं कॅल्शियमच्या गोळ्यांचं टेबल असतं.

खरी मजा हाड मोडल्यावर. पाय घसरला, हात टेकवला, मनगट गेलं. हा मोडण्याचा सर्वांत लोकप्रिय प्रकार. 1814 साली अब्राहम कॉलेस या आयरिश शल्यविशारदानं त्याचं वर्णन नुसतं हातानं चाचपून केलं. क्ष-किरण सापडायला अजून 81 वर्षं अवकाश होता. हल्ली डॉक्टर फिल्म उजेडावर धरतात आणि आपण सगळे "हो हो, दिसतंय" म्हणतो. काय दिसतंय ते कुणालाच ठाऊक नसतं.

आत काय चालतं ते शिकण्यासारखं आहे. मोडलेल्या जागी पहिल्यांदा रक्ताची गुठळी होते. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ कूर्चेचा गोळा तयार होतो. दीड ते तीन महिन्यांत त्याचं कच्चं हाड होतं. आणि मग वर्ष-दोन वर्षं पाडणारे-बांधणारे त्याला तासून पूर्वीच्या आकारात आणतात. कातडी शिवली की व्रण राहतो. हाड जोडलं की तिथे हाडच येतं, ठिगळ राहत नाही.

बाहेर काय चालतं ते त्याहून मोठं आहे. पहिल्या आठवड्यात बघायला येणाऱ्यांना घटना हवी असते. "नक्की कशा पडलात?" हे रोज सहा वेळा सांगावं लागतं, आणि चौथ्या दिवसापर्यंत घसरण्याच्या जागी चिखल, अंधार आणि कुत्रं हे तिघेही आलेले असतात. दुसऱ्या आठवड्यात येणारे उपाय घेऊन येतात. कुणी कांडवेल आणतं, कुणी डिंकाचे लाडू. कुणी प्लास्टर सोडून गावाकडच्या हाडवैद्याकडे चला म्हणतं, तेव्हा त्यांना प्रेमानं चहा पाजून वाटेला लावावं. मांसाहारी शेजारी पायाचं सूप आणतात. त्याची चव अशी असते, की पुन्हा पडावंसं वाटतं. पण त्यात कॅल्शियम नावापुरतंच. बोकडाचं हाड सुपात सहजासहजी उतरत नाही. गुपचूप काम करते ती नाचणी. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं. पण नाचणीची भाकरी घेऊन आजाऱ्याला बघायला गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. प्रतिष्ठा म्हणून काही असतंच ना.

कॅल्शियम पोटात गेलं तरी ते आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते ऊन अंगावर घेतल्याशिवाय फारसं बनत नाही. इथे आपण पिढ्यान्‌पिढ्या कोवळं ऊन खात आलो. कोवळं ऊन सुखद असतं यात वाद नाही, पण ड जीवनसत्त्व बनवणारे अतिनील-ब किरण त्यात फार थोडे असतात. ते येतात ऊन चढल्यावर, जेव्हा आपण पडदे ओढतो. आणि गॅलरीला काचा लावून आत बसणाऱ्यांना तर फक्त ऊब मिळते. हे किरण काचेपलीकडेच थांबतात.

'गॅप'बद्दल एक शब्द बोलायलाच हवा. महाराष्ट्रात दर दुसऱ्या घरात कुणाच्या तरी मणक्यात गॅप असतो. वास्तविक दोन मणक्यांमधली चकती झिजली की त्यांच्यातलं अंतर कमी होतं, वाढत नाही. पण "माझ्या मणक्यातला गॅप गेला" असं सांगितलं, तर लोक पेढे मागतील.

हाडं तयार होण्याची कथा तर कुटुंबवत्सल माणसानं वाचू नये. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या अंगात तीनशेच्या आसपास हाडं असतात, काही पक्की, बरीचशी कूर्चेची. मोठं होता होता ती एकमेकांत मिसळतात आणि उरतात 206. आपल्याकडे माणसं वाढली की वाटण्या होतात. हाडं वाढली की एकत्र कुटुंब करतात. कंबरेखालचे पाच मणके मिळून एक हाड, खुब्याची तीन मिळून एक. कवटीची हाडं जन्माच्या वेळी सुटी असतात, म्हणून डोकं अरुंद वाटेतून बाहेर येऊ शकतं. त्यांच्यामधली मऊ जागा म्हणजे टाळू. पुढची टाळू दीड वर्षाच्या सुमारास आपोआप भरते. ती आपण घातलेल्या तेलानं भरली, असं आजीचं ठाम मत असतं, आणि त्या वयाच्या नातवाला विरोधी मत नसतं.

खांद्यापासून गळ्यापर्यंत येणारं कॉलरचं हाड गर्भात सगळ्यांच्या आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, पक्कं व्हायला लागतं आणि पुरं होतं पंचविशीत, सगळ्यांच्या शेवटी. पहिलं कामावर येणारं, शेवटी घरी जाणारं, आणि सायकलवरून पडल्यावर मोडायलाही तेच पुढे. हातापायाच्या लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथे उंची वाढते. पट्टी पक्की झाली की उंची संपली. पुढे दाराच्या चौकटीला लोंबकळल्यानं वाढलंच तर चौकटीचं वय वाढतं.

या पट्ट्या आणि मनगटाची छोटी हाडं ठरावीक वयात ठरावीक क्रमानं पक्की होतात, म्हणून हाडावरून वय काढता येतं. क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालच्या खेळाडूंच्या मनगटाचा क्ष-किरण फोटो काढून वय तपासतं. आमच्या महाराष्ट्रात ही पद्धत आधी आली असती, तर मोठी पंचाईत झाली असती. इथे एक अख्खी पिढी 1 जूनला जन्मलेली आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख टाकली. मनगटाला गुरुजींची तारीख माहीत नसते.

काही हाडांची स्वतंत्र ओळख करून द्यायला हवी. कानातली रिकीब, जेमतेम तीन मिलिमीटर, सगळ्यांत लहान. तिच्या शेजारचे हातोडा आणि ऐरण हे आपल्या प्राचीन पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातले. कार्ल रायशर्ट या जर्मन शास्त्रज्ञाला 1837 साली हा धागा सापडला. चावण्याच्या खात्यातून ऐकण्याच्या खात्यात झालेली ही बदली. उलट बदली मात्र पुष्कळांनी परस्पर करून घेतलेली दिसते. मानेत मणके सात, आपल्या आणि जिराफाच्याही. जिराफ ते वर बघायला वापरतो आणि आपण मोबाइल बघायला. जिभेच्या मुळाशी एक हाड आहे, ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही. बोलण्या-गिळण्याच्या कामात सतत असूनही कुणाच्या अध्यात ना मध्यात. माकडहाडाबद्दल आपण एकदा जिन्यावरून घसरेपर्यंत काही बोलत नाही.

आता राहिला आकडा. सुश्रुतांनी प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायला सांगितलं आणि मग एकेक थर बघितला. त्यांनी हाडं मोजली 300, आणि दुसरे लोक 360 म्हणतात हेही नोंदवलं. चरकसंहितेत 360 आहेत. दोघांनीही दात आणि कूर्चा हाडांत धरल्या, म्हणून आकडा फुगला. आपण 206 म्हणतो, त्यातली 106 मनगट-पंजांत आणि घोटे-पावलांत. पण काहींना मानेजवळ एक जादा बरगडी असते, काहींच्या कवटीच्या शिवणीत हाडांचे सुटे तुकडे असतात. आणि गुडघ्याच्या मागे फाबेला नावाचं एक चिमुकलं हाड काहींना असतं, काहींना नसतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2019 मध्ये जुन्या-नव्या नोंदी तपासल्या. 1918 साली ते 11 टक्के लोकांत आढळत होतं, 2018 साली 39 टक्के लोकांत. माणसं अधिक खाऊ लागली, उंच आणि वजनदार झाली, गुडघ्यावर भार वाढला, त्यामुळे हे झालं असावं असा त्यांचा अंदाज आहे.

तेव्हा पाठ्यपुस्तक मंडळाला एक विनंती. पुढच्या आवृत्तीत 206 च्या आधी 'सुमारे' एवढा एक शब्द घालावा. आणि परीक्षेत कुणी 207 लिहिलं, तर शून्य देण्याआधी त्या मुलाच्या गुडघ्यामागे एकदा चाचपून बघावं.